ओसाकाची तबकडी, बुदोकानचं कव्हर

शनिवार, ओसाका

मुंबईहून बँकॉकमार्गे कन्साई विमानतळावर उतरलो. बॅगांची वाट बघत असताना दादाने विचारलं, "आता तरी सांग, नक्की काय घ्यायला आलोय आपण?"

पुण्याहून निघताना मी त्याला 'एक जुनी रेकॉर्ड' एवढंच सांगितलं होतं. दादा बँकेतून निवृत्त झालेला, नाट्यसंगीतातला दर्दी. त्याला क्योटोची देवळं बघायची होती, आणि वहिनीने "भाऊजी, यांना एकटं कुठे सोडू नका" असं म्हणत त्याला माझ्या हवाली केलं होतं. त्यामुळे हा प्रवास अर्धा त्याचा आणि अर्धा माझा. लिहितोय ते माझ्या अर्ध्याबद्दल.

नांबाला जाणाऱ्या नान्काई रेल्वेत खिडकीपाशी बसल्यावर त्याला हकीकत सांगितली. ऑगस्ट १९७२. डीप पर्पल हा इंग्लिश बँड पहिल्यांदा जपानला आला. कार्यक्रम तीनच: १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, १७ ला टोकियोच्या बुदोकानमध्ये. वॉर्नर-पायोनियर या तिथल्या कंपनीला फक्त जपानात विकण्यापुरता एक लाइव्ह अल्बम हवा होता. बँडला त्याची फारशी हौस नव्हती, म्हणून त्यांनी अटी घातल्या. ध्वनिमुद्रण आमचा माणूस करणार, टेप आम्ही घरी नेणार, मिक्सिंग आम्ही करणार. हा माणूस म्हणजे मार्टिन बर्च. त्याने आठ ट्रॅकच्या यंत्रावर तिन्ही रात्री टिपल्या. इंग्लंडला जाऊन टेप ऐकल्यावर मंडळींच्या लक्षात आलं की हे जपानपुरतं ठेवण्यासारखं काम नाही. डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडात तो 'मेड इन जपान' नावाने निघाला. अमेरिकेत एप्रिल १९७३ उजाडला, कारण तिथे आधी त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम बाजारात आणला होता. तरी तो तिथे सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. जपानात मात्र याच अल्बमचं नाव 'लाइव्ह इन जपान', आणि कव्हर पूर्ण वेगळं.

"आणि आत?"

"आत अगदी तेच. सात गाणी, चार बाजू."

"तुझ्याकडे इंग्लंडची आहे ना?"

आहे. कंपनीचा क्रमांक टीपीएसपी ३५१, जांभळ्या लेबलची, मुंबईत चोरबाजारात मिळालेली. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग बाहेरच्या कौलारू घरांकडे बघत बसला. बँकेत कर्जाचा अर्ज परत करताना तो असाच गप्प राहत असणार.

रविवार, नाकानोशिमा आणि उमेदा

सकाळी आधी फेस्टिव्हल हॉल. ओसाकाच्या मध्यातून वाहणाऱ्या दोन नद्यांच्या बेचक्यात नाकानोशिमा हे चिंचोळं बेट आहे, त्यावर हा हॉल. म्हणजे होता. १९५८ साली बांधलेला मूळ हॉल २००८ च्या अखेरीस बंद झाला आणि पाडला. त्या जागी उंच मनोरा उभा राहिला आणि त्याच्या पोटात, तेवढ्याच सुमारे २७०० खुर्च्यांचा, नवा हॉल २०१३ मध्ये सुरू झाला. जुन्या हॉलमधला आवाज इतका नावाजलेला होता की तो पाडायला तात्सुरो यामाशितासारख्या मोठ्या गायकाने जाहीर विरोध केला होता.

आम्ही गेलो तेव्हा कसलातरी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. लाल गालिचा घातलेल्या रुंद जिन्यावरून टापटीप कपड्यांतली माणसं वर चालली होती. तिकीट नसल्याने आम्ही खालीच. १९७२ चं इथे काही नाही. पाटी नाही, फोटो नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण भिंतीच त्या नाहीत. पण मला ही जागा बघायचीच होती, त्याचं कारण असं.

अल्बममधल्या सात गाण्यांपैकी पाच ओसाकाची आहेत. 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि चौथी बाजू अख्खी व्यापणारं 'स्पेस ट्रकिन' ही १६ तारखेची. 'स्मोक ऑन द वॉटर' १५ तारखेचं, त्या रात्रीचं तेवढं एकच घेतलं. टोकियोची फक्त 'द म्यूल' आणि 'लेझी'. आता कव्हरं बघा. इंग्लिश कव्हरवरचा फोटो लंडनच्या कार्यक्रमातला. जपानी कव्हरवर बुदोकानमधला, वरून खाली मंचाकडे बघत घेतलेला. त्यावर कडी म्हणजे जपानी आवृत्तीत मुद्रण बुदोकानचंच असल्याचं नोंदवलेलं. ज्या गावाने रेकॉर्डचा मोठा हिस्सा दिला ते गाव दोन्हीकडच्या फोटोंत नाही. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही म्हणा. टोकियोतल्या अवाढव्य सभागृहाचं नाव विकायला सोपं. पण जपानी प्रत घ्यायची तर ती ओसाकात शोधायची असं मी मनाशी घेतलं होतं. खुळचटपणा आहे, पण संग्राहकाच्या खुळांत हे बरंच स्वस्तातलं.

एक गोष्ट दादाला सांगून झाली नव्हती ती हॉलसमोरच्या पुलावर सांगितली. ज्या पाच जणांनी हे वाजवलं, गायक गिलन, गिटारवाला ब्लॅकमोर, ऑर्गनवाला लॉर्ड, बासवाला ग्लोव्हर आणि ड्रमवाला पेस, त्यांचा संच वर्षभरही टिकला नाही. २९ जून १९७३ ला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला तोही ओसाकातच. मग एकदम १९८४ मध्ये पुन्हा एकत्र.

"भांडण?"

"भांडण आणि दमणूक."

"नाटक कंपन्यांचं हेच व्हायचं," दादा म्हणाला.

दुपारी उमेदा. स्टेशनसमोर 'एकीमाए' नावाच्या जुन्या चार इमारती आहेत, तळघरातून एकमेकींना जोडलेल्या. खाली स्वस्त खानावळी, रेल्वेची सवलतीची तिकिटं विकणारे गाळे, घड्याळदुरुस्तीवाले, आणि अधूनमधून एखादं जुन्या रेकॉर्डचं दुकान. मला मॉलपेक्षा हे फार आवडलं. रविवार पेठेतल्या बोळासारखं, फक्त कमालीचं स्वच्छ.

पहिल्याच दुकानात डी च्या खान्यात ती होती. जपानात रेकॉर्ड विकत घेण्यातलं सुख म्हणजे प्लास्टिकच्या बाहेरच्या पिशवीवर चिकटवलेली छोटी चिठ्ठी. तबकडीची प्रत वेगळी, कव्हरची वेगळी: एस, ए, बी, सी. खाली बारीक अक्षरात डाग कुठे, कागद किती पिवळा, काय हरवलंय. फोन त्यावर धरला की भाषांतर येतं. हा दुकानदार इतका कडक की त्याची 'बी' आपल्याकडे 'जवळपास नवी' म्हणून खपेल. या प्रतीच्या चिठ्ठीवर होतं: तबकडी ए, कव्हर सी, वर ओल लागल्याचा डाग, ओबी नाही. किंमत १८०० येन. म्हणजे आपले हजार रुपये.

ओबी म्हणजे कव्हरच्या डाव्या कडेभोवती गुंडाळलेली कागदी पट्टी. तिच्यावर जपानीत बँडचं नाव, अल्बमचं नाव, जाहिरातीचं एखादं वाक्य, किंमत. दुकानात गिऱ्हाइकाने वाचावी आणि घरी जाऊन टाकून द्यावी, एवढंच तिचं काम. त्यामुळेच ती आज दुर्मीळ. आणि या अल्बमच्या पहिल्या खेपेत आणखी एक गंमत होती: ३५ मिलिमीटर फिल्मची एक पट्टी, तिच्यात बँडमधल्या प्रत्येकाचा फोटो, निगेटिव्ह रूपात. घरी नेऊन स्टुडिओत द्यायची आणि हवे तेवढे फोटो धुऊन घ्यायचे. कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण कल्पना झकास. मी आलो होतो त्या पट्टीसाठी.

या प्रतीत पट्टी नव्हती. मी ती परत खान्यात ठेवली.

"घेत नाहीस?" दादा म्हणाला. "वाजते का नाही ही?"

"उत्तम वाजेल."

"मग?"

मी ओबी, निगेटिव्ह वगैरे पुन्हा समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं, प्रत उचलली, गल्ल्यापाशी नेली आणि स्वतःच्या पाकिटातून १८०० येन मोजले. घरी त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ ऐकायला. "हजार रुपयांत चार बाजू. आणि ओल आमच्या कोकणातल्या पुस्तकांनाही लागलीय," असं म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावली.

सोमवार, अमेरिकामुरा

शिन्साइबाशीच्या पश्चिमेला तरुण मुलांची वस्ती. जुने अमेरिकी कपडे, टॅटू, स्केटबोर्ड, आणि वरच्या मजल्यांवर रेकॉर्डची दुकानं. लिफ्ट इतक्या अरुंद की पाठीवरची बॅग काढूनच आत जावं लागतं. पंक एका दुकानात, सोल दुसऱ्यात, सत्तरच्या दशकातला रॉक तिसऱ्यात. दुकानं दुपारी उघडतात, तोवर वेळ काढायला आम्ही भाताचे त्रिकोणी मुटके खाल्ले. दादा शाकाहारी आहे आणि जपानात मासळीचं पाणी कशात नसतं ते शोधावं लागतं. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला मुटका आठवडाभर त्याचा आधार झाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानात ओबीसकट प्रत होती, ७५०० येन. दुकानदार साठीच्या आतबाहेरचा, केस मागे बांधलेले. त्याने प्रत काढून काउंटरवर काळ्या कापडावर ठेवली. मी विचारण्याआधीच तबकडी दिव्याखाली तिरपी धरून दाखवली. मी लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे वाचले. पी-५०६६ आणि पी-५०६७, बरोबर. मागाहूनच्या छपाया वेगळ्या नंबरांनी निघाल्या, त्यामुळे पहिली ओळख ही. पुढे साच्याचे बारीक आकडे असतात. एका मुख्य साच्यातून अनेक ठसे निघतात, ठसा झिजला की बदलतात, आणि लोक लवकरच्या ठशाच्या मागे लागतात. माझे कान एवढे तयार नाहीत. इंग्लिश आणि जपानी प्रतीत मला जाणवतो तो फरक शांततेचा. जपानी प्लास्टिक स्वच्छ, गाण्यांमधल्या जागेत चरचर जवळपास नाही. उलट इंग्लिश प्रतीत ड्रम जास्त अंगावर येतात असं माझं मत आहे, आणि ते मी इथल्या दुकानात बोलून दाखवलं नाही.

निगेटिव्ह? मी फोनवर टाइप करून विचारलं. त्याने मोठ्याने हसून हाताने कात्री चालवल्यासारखं केलं. लोकांनी फोटो काढायला दिली, स्टुडिओवाल्याने तुकडे केले, परत आणलीच नाही. पाकिटात राहिली ती ज्यांनी कधी आत बघितलंच नाही त्यांची.

मग त्याने मागच्या कपाटातून पांढऱ्या लेबलाची एक प्रत काढली. रेडिओ केंद्रांना, दुकानांना पाठवायचा 'मिहोनबान', म्हणजे नमुना. किंमत २८,०००. मी हातात घेतली, पोटभर बघितली, परत दिली. पांढऱ्या लेबलामागे धावणारे म्हणतात की नमुना आधी छापला जातो म्हणून आवाज ताजा. तर्क ठीक आहे. पण वीस हजार येनचा ताजेपणा त्यात मला तरी कधी ऐकू आलेला नाही.

दादा एवढा वेळ स्टुलावर बसून होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, "अरे, सोपं आहे. ही ओबीवाली घे. तुझी ती निगेटिव्हवाली टोकियोत मिळाली तर तीही घे. हिची ओबी काढून तिला घाल. झाली पूर्ण."

संग्राहकांच्या जगात यावर मारामाऱ्या होतात. दोन अर्धवट प्रती जोडून एक पूर्ण करणं सर्रास चालतं. ओबी तर नुसतीच, वेगळी, लिलावात विकली जाते. कोणाला फसवलं नाही तर त्यात गैर काय, असं पुष्कळ जण म्हणतात, आणि त्यांचं बोलणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. तरी मला ते जमत नाही. एका माणसाने ५० वर्षं सांभाळलेली वस्तू आणि मी बसवलेला संच, या माझ्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७५०० ची प्रत मी घेतली नाही. ओसाकात घ्यायचा माझा हट्ट तिथेच संपला.

मंगळवार, क्योटो

दादाचा दिवस. देवळं, पाय दुखले, मेपलची पानं पेटल्यासारखी लाल. एका गल्लीत रेकॉर्डची पाटी दिसली, दादानेच दाखवली. आत सगळा जॅझ.

बुधवार, शिन-ओसाका ते टोकियो

शिंकान्सेनमध्ये डाव्या बाजूच्या दोन खुर्च्या मुद्दाम घेतल्या होत्या, फुजी दिसावा म्हणून. ढग. अडीच तासांत टोकियो.

मुक्काम निशी-कासाईला, माझ्या इंजिनिअरिंगच्या मित्राकडे. हा भाग टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. दोन हजार सालाच्या आसपास आयटीवाले भारतीय इथे राहायला लागले आणि वस्ती वाढत गेली. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले, ते आपले अंबरनाथचे. त्यामुळे दादाला स्टेशनबाहेर मराठी ऐकू आली तेव्हा त्याला फार आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते मित्राच्या बायकोने केलेल्या थालीपिठाचं, आणि त्याने तीन खाल्ली.

मित्र पुण्यात जपानी शिकून इकडे आला. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी, त्यामुळे हेही नवल नाही. जेवताना मी शोधाची कथा सांगितली तर म्हणाला, "अरे, इथे सगळ्यांच्या आजोबांच्या माळ्यावर असेल ती. माणसं घर रिकामं करताना रद्दीच्या भावाने देतात. उद्या दुकानात विचारतो मी, नीट जपानीत."

गुरुवार, बुदोकान आणि ओचानोमिझू

कुदानशिता स्टेशनातून वर आलं की खंदक, मग तायासु दरवाजा, मग झाडांतून एकदम ते अष्टकोनी छप्पर. नारा जवळच्या होर्यूजी मठातल्या 'युमेदोनो' दालनावरून ते बेतलंय. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेलं सभागृह. १९६६ मध्ये बीटल्स इथे वाजवायला आले तेव्हा युद्धकलेच्या पवित्र जागी हा धांगडधिंगा कशाला म्हणून मोठा विरोध झाला होता. पुढे १९७८ मध्ये बॉब डिलन आणि चीप ट्रिक यांच्या इथल्या मुद्रणांनी 'अॅट बुदोकान' हे शब्द अल्बमच्या नावात घालायची चालच पडली. डीप पर्पल त्यांच्या आधी सहा वर्षं येऊन गेले, आणि नाव मात्र अख्ख्या देशाचं घेतलं.

त्या दिवशी कुठल्याशा मुलींच्या गटाचा कार्यक्रम होता. दुपारी अकरापासून टी-शर्ट घ्यायला रांग, रांगेत एक आवाज नाही. दादाने रांगेचा फोटो काढला, "तुझ्या वहिनीला दाखवतो, आपल्याकडचं नाट्यगृह आणि हे."

तिथून चालत ओचानोमिझू. वाटेत जिंबोचो, जुन्या पुस्तकांचं गाव, तिथे दादाला ओढून काढावं लागलं. ओचानोमिझूचा रस्ता गिटारच्या दुकानांचा, आणि त्यात डिस्क युनियनची शाखा. डिस्क युनियन म्हणजे टोकियोतल्या संग्राहकांचं पंढरपूरच. जॅझ, प्रोग्रेसिव्ह, हेवी मेटल, प्रत्येकाला वेगळा मजला किंवा वेगळं दुकान. पासपोर्ट दाखवला आणि ठरावीक रकमेच्या वरची खरेदी असली तर १० टक्के कर सुटतो.

डीप पर्पलचा खाना हातभर लांब. 'लाइव्ह इन जपान'च्याच ओळीने पाच-सहा प्रती, वेगवेगळ्या काळाच्या. तिथे उभं राहून कळलं की ही रेकॉर्ड मुळात दुर्मीळ नाहीच. जपानात ती भरपूर खपली, घराघरात गेली. तबकडी कुठेही मिळेल. मिळत नाही ते तिच्याबरोबरचं कागदपत्र. एक प्रत ओबीसकट होती, ९००० ची, पण ओबी मध्येच चिकटपट्टीने जोडलेली. मित्राने विक्रेत्याशी सविस्तर बोलणं केलं. विक्रेता आत गेला, संगणकात पाहिलं, बाहेर आला आणि कमरेत वाकून दिलगिरी व्यक्त केली. निगेटिव्ह असलेली प्रत शिंजुकूच्या बाजूला विचारून बघा, म्हणाला.

शुक्रवार, शिंजुकू

पश्चिम शिंजुकूतल्या मागच्या गल्ल्या. एकेकाळी इथे बेकायदा लाइव्ह मुद्रणांची इतकी दुकानं होती की जगभरचे लोक यायचे. आता कमी झालीत. चौथ्या मजल्यावरचं एक दुकान, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने जिन्यात थांबावं एवढं. मित्र ऑफिसला गेला होता, पण त्याने मला एका कागदावर प्रश्न लिहून दिला होता. मालकाने कागद वाचला, चष्मा वर केला, भिंतीकडची एक प्रत काढली.

ओबी नाही. तबकडी बी, दुसऱ्या बाजूला हलका चरा. कव्हरच्या आत कोपऱ्यात मूळ मालकाचा लाल शिक्का. आणि जपानी मजकुराच्या कागदाच्या घडीत, पातळ पारदर्शक पाकिटात, ती पट्टी. अख्खी. कात्री न लागलेली.

मालकाने ती हातात दिली नाही, स्वतः चिमट्याने धरून ट्यूबलाइटसमोर धरली. उलटे चेहरे. काळे केस पांढरे, मिशा पांढऱ्या, डोळ्यांच्या जागी उजेड. पहिल्या क्षणी कोण कोण तेच ओळखता येईना. मग ग्लोव्हरची टोपी दिसली आणि बाकीचे लागले.

किंमत ६८००. घासाघीस करायची पद्धत इथे नाही आणि मला इच्छाही नव्हती. तबकडी वाजवून बघायची का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. माझ्या पाठीमागून दादा म्हणाला, "ऐकायला माझी आहेच." मालकाला मराठी कळलं नाही, पण दादाच्या हातातली पिशवी बघून तो काय ते समजला.

रात्री मित्र आम्हाला एका रॉक बारमध्ये घेऊन गेला. टोकियोत अशा जागा अजून बऱ्याच आहेत: आठ-दहा खुर्च्या, मालक एकटाच, त्याच्या पाठीमागे छतापर्यंत रेकॉर्ड, आणि दोन स्पीकर जे एखाद्या छोट्या हॉललाही पुरतील. फर्माईश सांगायची, तो एक बाजू पूर्ण लावतो. मित्राने दादाची डागाळलेली प्रत पुढे केली आणि हीच लावाल का विचारलं. मालकाने कव्हरवरचा डाग बघितला, तबकडी बघितली, मान डोलावली. ब्रश फिरवला, सुई ठेवली.

आधी दुसरी बाजू. 'स्मोक ऑन द वॉटर'ची ओळखीची सुरावट सुरू झाली आणि तिच्यावर ओसाकाच्या लोकांच्या टाळ्या. १५ तारखेचंच मुद्रण का घेतलं, तर ही सुरावट ब्लॅकमोरने त्या एकाच रात्री सरळ, स्टुडिओत वाजवली होती तशी वाजवली. दादा बोटांनी टेबलावर मात्रा धरून होता. "टाळी सरकतेय रे यांची," तो म्हणाला. "आणि ड्रमवाला त्यांना सावरून घेतोय बघ." मित्राने हे मालकाला सांगितलं. मालक पहिल्यांदाच हसला आणि दादाच्या ग्लासात न मागता पाणी भरलं.

मग तिसरी बाजू, शेवटी 'लेझी'. सुरुवातीला एकटा जॉन लॉर्ड, हॅमंड ऑर्गनवर, आणि तो ऑर्गनही मार्शलच्या गिटार अॅम्प्लिफायरमधून फाडलेला. दादा सरळ बसला. संगीत नाटकांत साथीला ऑर्गन असायचा, पायाने भाता मारायचा, त्या आवाजावर त्याचा कान वाढलेला. लॉर्ड खालच्या पट्टीत गुरगुरत होता, मध्येच दुसऱ्याच कुठल्या चालीची चाहूल देत होता, लोक हसत होते, तो त्यांना खेळवत होता. गाणं सुरू होईपर्यंत दादा हलला नाही.

"हा कुठे वाजवलेला?"

"हे बुदोकान. काल गेलो होतो तिथे."

"म्हणजे टोकियोनेही एक बरं काम केलंय."

चौथी बाजू लावा म्हणून आम्हीच सांगणार होतो, पण मालकाने तोवर ती उलटून ठेवलीही होती. पुढची वीस मिनिटं बारमध्ये कोणी बोललं नाही, बोलणं शक्यही नव्हतं. मध्ये ऑर्गनचा जो लांबच लांब भाग येतो तो पूर्णपणे ओसाकाचा. मार्टिन बर्चने त्या हॉलमध्ये, तुटपुंज्या सामग्रीवर, हे कसं पकडलं असेल याचं मला दर वेळी नवल वाटतं. प्रेक्षक, मंच, छत, सगळं ऐकू येतं, आणि तरी कोणतंही वाद्य दुसऱ्यात मिसळत नाही. मिक्सिंगला पाचांपैकी ग्लोव्हर आणि पेस एवढेच हजर होते. तिन्ही रात्री बऱ्याचशा ऐकायच्या असतील तर १९९३ मध्ये तीन सीडींचा संच निघालाय. त्यात कोणत्या रात्रीचं काय निवडलं आणि काय सोडलं ते कळतं.

दादाच्या हजार रुपयांच्या प्रतीत, ओल लागलेल्या कव्हरच्या आत, एकही चरा वाजला नाही.

परतीचा दिवस आणि नंतर

रेकॉर्ड विमानातून आणायच्या तर काही गोष्टी कोणीतरी आधी सांगायला हव्यात, म्हणून लिहून ठेवतो. तबकडी कव्हरमधून काढून, आतल्या कागदी पाकिटासकट, कव्हरच्या मागे ठेवायची, म्हणजे धक्क्याने कव्हरची शिवण फाटत नाही. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, रेषा एकमेकींना आडव्या. सामानात कधी टाकायची नाही, हातातच. क्ष-किरणाने तबकडीला काही होत नाही. फिल्म जुनी आणि धुतलेली असेल तर तिलाही नाही, पण मी पट्टी पुस्तकात घालून शर्टाच्या खिशाशी ठेवली होती. मुंबईला कस्टमच्या माणसाने पिशवीत डोकावून "रेकॉर्डी? अजून मिळतात?" एवढंच विचारलं.

पुण्यात निगेटिव्हवरून फोटो करून देणारा सापडायला वेळ लागला. एका जुन्या स्टुडिओवाल्याने कागदावर छापत नाही म्हणून सांगितलं, पण पट्टी न कापता स्कॅन करून दिली. पाचही चेहरे सुलटे झाले. मी ते संगणकात ठेवले, पट्टी परत तिच्या पाकिटात. दादाला पाठवले तर त्याचा उलट फोन: त्या पेटीवाल्याचा मोठा करून दे, आठ बाय दहा, बाकीचे नकोत. आणि 'पेटीवाल्याचं' आणखी काही तुझ्याकडे असेल तर रविवारी घेऊन ये.